स्टुडंट फिल्मचा लोकेशन साऊंड: माईकचं नंतर बघू, आधी पंखा बंद करा

स्टुडंट फिल्मवाल्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, माईक कुठला घेऊ. अहो जो भाड्याने मिळेल तो घ्या, पण त्याआधी जिथे शूट करणार आहात तिथे जाऊन अर्धा तास तोंड बंद ठेवून नुसतं बसून या, कारण खराब जागेत भारीतला माईक लावला की खराब आवाजच अजून स्वच्छ रेकॉर्ड होतो, बाकी काही नाही.

एक सीन धरून चालू म्हणजे बोलायला सोपं. आई आणि मुलगी स्वयंपाकघरात बोलतायत, लोकेशन म्हणजे टीममधल्या कोणाच्या तरी आत्याचा कोथरूडमधला वन बीएचके, दुसरा मजला, खिडकी रस्त्याकडे. पुण्यात फुकट लोकेशन म्हणजे साधारण असंच काहीतरी. रेकीला, म्हणजे शूटच्या आधी जागा बघायला, डिरेक्टर जातो, कॅमेरावाला जातो, साऊंडवाल्याला कोणी नेत नाही, तर तुम्ही स्वतःहून जा आणि ज्या वेळेला शूट आहे त्याच वेळेला जा. सकाळी घंटागाडी गाणं वाजवत येते, मग भंगारवाल्याचा रेकॉर्ड केलेला भोंगा, मग शेजारच्या प्लॉटवर टाईल कटर सुरू, संध्याकाळी सगळ्या बिल्डिंगचे कुकर आणि सिरियली. दुपारी १ ते ४ वर लोक कितीही जोक करू देत, साऊंडवाल्याला सोन्यासारखी वेळ ती, डायलॉगचे सगळे क्लोजअप तिथे बसवता आले तर बसवा. एप्रिल-मे असेल तर कोकिळा धरून चाला. नदीपात्राजवळ जागा असेल तर गणपतीच्या आधीच्या दीड-दोन महिन्यातल्या संध्याकाळी विसरा, ढोलताशा पथकांची प्रॅक्टिस असते. आणि लोहगाव, विमाननगर बाजूला हवाई दलाची विमानं उडाली की टेक थांबवायचा, त्यावर इलाज नाही.

इथे एक गोष्ट कळली पाहिजे, सगळा नॉईज सारखाच त्रास देत नाही. लांबून येणारा ट्रॅफिकचा एकसारखा घूं आवाज डायलॉगच्या खाली राहिला तर चालून जातो, पण येणारा-जाणारा आवाज एडिटला मारतो. आईच्या शॉटमध्ये कोकिळा ओरडतेय आणि कट करून मुलीवर आलो की एकदम गायब, हे प्रेक्षकाला लगेच खटकतं. म्हणून डिरेक्टर म्हणाला "चालतंय रे, पोस्टमध्ये काढू", म्हणजे शूटनंतर एडिटिंगमध्ये, तरी तुम्ही हात वर करायचा. डीनॉईज करणारे प्लगिन, म्हणजे नॉईज काढणारी एडिटिंगची छोटी सॉफ्टवेअरं, एकसारखा आवाज बऱ्यापैकी काढतात, डायलॉगवर चढलेला रिक्षाचा हॉर्न काढता काढता डायलॉगचाही जीव जातो.

आता घरात या. पंखे बंद, सगळे, शेजारच्या खोलीतला पण. फ्रिज बंद करायचा आणि ज्याच्या गाडीने घरी जायचंय त्याची किल्ली फ्रिजमध्ये ठेवायची म्हणजे रात्री तो परत चालू करायला कोणी विसरत नाही, जुनी युक्ती आहे पण आत्याचं दूध नासलं तर पुढच्या फिल्मला लोकेशन मिळणार नाही हे लक्षात असू द्या. भिंतीवरचं घड्याळ उतरवून कपाटात, वॉटर प्युरिफायर बंद, जुन्या चोकवाल्या ट्यूबलाईट बंद, इन्व्हर्टर गुणगुणत असेल तर तोही. सोसायटीचा पाण्याचा पंप किती वाजता लागतो ते वॉचमनकाकांना आधीच विचारून ठेवा, चहा पाजा, दिवसभरात त्यांच्याइतका उपयोगाचा माणूस दुसरा नाही.

यानंतर घुमण्याचा प्रॉब्लेम. आपल्या घरांत खाली फरशी, स्वयंपाकघराला भिंतीवर पण टाईल्स, पडदे नाहीत, मग आवाज सगळीकडून आपटून येतो आणि डायलॉग बाथरूममध्ये बोलल्यासारखा वाटतो. हा घुमारा नंतर नीट निघत नाही. उपाय म्हणजे घरातल्या सगळ्या गोधड्या, सतरंज्या, गाद्या गोळा करायच्या, फ्रेममध्ये दिसत नाही तेवढ्या फरशीवर अंथरायच्या, कॅमेऱ्याच्या मागे स्टँडवर दोन गोधड्या टांगायच्या, दारावर एक. फोमपेक्षा जाड गोधडी कितीतरी चांगली आणि फुकट. कॅमेरावाला कुरकुर करेल, करू दे.

माईककडे येऊ. भाड्याने बहुतेक शॉटगन, म्हणजे समोरचा आवाज पकडणारा लांब नळीचा माईक मिळतो, रोडचा एनटीजी २ नाहीतर सेनहायझरचा ४१६. बाहेर मोकळ्यावर शॉटगन मस्त. पण छोट्या घुमणाऱ्या खोलीत लांब शॉटगन कधीकधी विचित्र, पोकळ ऐकू येतो, कारण बाजूने येणारा आवाज कापायची त्याची जी नळी आहे ती भिंतीवरून परत आलेल्या आवाजाने गोंधळते. तिथे छोटा हायपरकार्डिऑईड (समोरचाच आवाज जास्त पकडणारा, पण लांब नळी नसलेला माईक) मिळाला तर तो घ्या, नाही मिळाला तर शॉटगनच पण अजून जवळ. खरं सगळं अंतरावर आहे. मोकळ्या जागेत माईक दुप्पट लांब गेला की आवाज ६ डीबीने (डेसिबलने) पडतो आणि मागचा नॉईज मात्र आहे तिथेच राहतो, म्हणजे महागड्या माईकने जे होणार नाही ते एक हात पुढे सरकल्याने होतं.

बूम, म्हणजे लांब दांडीच्या टोकाला लावलेला माईक, धरायला कोणालाही उभं करू नका. ज्याला डायलॉग पाठ आहेत तोच चांगला बूम धरतो, कारण आईचं वाक्य संपून मुलीचं सुरू व्हायच्या आधी माईक तिकडे वळलेला हवा, नंतर नाही. बूम शक्यतो वरून, तोंडाच्या जरा पुढे, छातीकडे बघणारा. वरून धरला की माईक फरशीकडे बघतो, म्हणजे गोधडीकडे, आणि खालून धरला की छताकडे. रिहर्सलमध्ये कॅमेरावाल्याला सांगायचं, मी खाली आणतो, दिसला की बोल, मग तिथून चार बोटं वर. सावली कुठे पडतेय ते पण तेव्हाच बघून घ्यायचं. अंगठ्या, कडं काढून ठेवा, केबल दांडीला गुंडाळून घट्ट, नाहीतर प्रत्येक हालचालीला टक टक येतं. बूम पोल परवडत नसेल तर रंगारी वापरतात ती लांब होणारी दांडी चालते, फक्त टोकाला शॉकमाउंट, म्हणजे दांडीचे धक्के माईकपर्यंत जाऊ न देणारा होल्डर, नीट बसवा. बाहेर शूट असेल तर नुसता स्पंज पुरत नाही, वारा अडवणारं केसाळ कव्हर, डेडकॅट, लागतंच.

रेकॉर्डर कुठलाही, झूम एच५ असो की टॅस्कॅम, सेटिंग एकच: वेव्ह फाईल, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. एमपी३ अजिबात नाही. ऑटो लेव्हल बंद, कारण आई गप्प झाली की ते स्वतःच गेन, म्हणजे रेकॉर्डिंगची लेव्हल, वाढवतं आणि मागचा सगळा नॉईज वर येतो. शॉटगनला बहुतेक वेळा ४८ व्होल्टचं फँटम, म्हणजे रेकॉर्डरकडून केबलमधून माईकला जाणारी वीज, लागतं आणि फँटम चालू असलं की सेल भराभर उतरतात, म्हणून सेल जास्तीचे ठेवा नाहीतर पॉवर बँक. मीटरवर साधं बोलणं मायनस १२ डीबीच्या आसपास, ओरडलं तरी मायनस ६ च्या वर जाऊ नये असं ठेवा. रिहर्सलमध्ये ॲक्टर हळू बोलतात आणि टेकला फुटतात, तेवढी जागा सोडा. ३२ बिट फ्लोटवाला (खूप मोठा आणि खूप बारीक आवाज दोन्ही सांभाळणारा) रेकॉर्डर मिळाला तर क्लिपची, म्हणजे लेव्हल शून्याच्या वर जाऊन आवाज फाटायची, भीती बरीच जाते, पण माईक चुकीच्या जागी असेल तर तो ३२ बिटमध्येही चुकीच्याच जागी असतो. आणि हेडफोन, कान पूर्ण झाकणारे, प्रत्येक टेकला. मीटर हलतोय म्हणजे आवाज चांगला येतोय असं नसतं, मीटर पंख्यालाही हलतो.

लेपल, म्हणजे कपड्याला लावायचा छोटा माईक, लावायचा असेल तर कॉस्च्युमवाल्याशी आधी बोला. सिंथेटिक साडी आणि कडक इस्त्रीचा कुर्ता दोन्ही खरखरतात, मऊ सुती कपडा बरा. मंगळसूत्र हा लेपलचा शत्रू नंबर एक, मणी माईकवर आपटत राहतात, तेव्हा माईक जरा बाजूला सरकवून मेडिकलमधल्या कागदी टेपने कपड्याला आतून चिकटवा, आणि वायरचा छोटा वळसा करून तोही टेपखाली. ॲक्ट्रेसला माईक लावताना तिला विचारून, शक्यतो टीममधल्या मुलीने लावायचा, हे सांगायला लागू नये पण लागतं. काचेच्या बांगड्या क्लोजअपमध्ये दिसत नसतील तर सरळ काढा, दिसत असतील तर दोनच ठेवा आणि किणकिणाट नंतर वेगळा रेकॉर्ड करा. भांड्यांचंही तेच, कढईखाली ओलं फडकं ठेवलं की आपटणं कमी होतं.

टेकच्या वेळी क्रम साधा आहे. आधी साऊंड रोल, मग कॅमेरा, मग "सीन चार, शॉट दोन, टेक तीन" मोठ्याने बोलून क्लॅप. क्लॅप नसेल तर टाळी, पण फ्रेममध्ये दिसली पाहिजे. कॅमेऱ्यावरही स्क्रॅच आवाज, म्हणजे कॅमेऱ्याच्या स्वतःच्या माईकचा कच्चा आवाज, चालू ठेवा, सिंक करताना, म्हणजे चित्र आणि रेकॉर्डरचा आवाज जुळवताना, सॉफ्टवेअरला तोच लागतो. सुरुवातीला क्लॅप जमला नाही तर शेवटी उलटा धरून द्या. "कट" म्हटल्यावर लगेच रेकॉर्डर बंद करू नका, दोन सेकंद जाऊ द्या. आणि वहीत लिहा, कुठल्या टेकला हॉर्न आला, कुठला चांगला, फाईल नंबर काय.

सीन संपला की सगळे पसारा आवरायला लागतात, तेव्हाच ओरडून थांबवायचं कारण रूम टोन राहिलाय. सगळे आहेत तिथे उभे, फोन बंद, गोधड्या तशाच, माईक त्याच जागी, १ मिनिट नुसती खोली रेकॉर्ड करायची. डायलॉगच्या मधल्या फटी एडिटर याच आवाजाने भरतो, तिथे पूर्ण शांतता टाकली तर कानाला खड्डा जाणवतो. प्रत्येक खोलीचा वेगळा, दिवसाचा वेगळा, रात्रीचा वेगळा.

त्याच दमात वाईल्ड, म्हणजे कॅमेरा न चालवता नुसता आवाज घेणं, पण उरकून घ्या. एखाद्या चांगल्या टेकमध्ये एका वाक्यावर हॉर्न बसला असेल तर दोघींना तिथेच, त्याच मूडमध्ये, कॅमेऱ्याशिवाय ते वाक्य तीन-चारदा बोलायला लावा, महिन्याभराने स्टुडिओत बोलावलं की तो सूर परत येत नाही आणि ॲक्ट्रेसची परीक्षा पण असते. मग पोळपाट-लाटणं, गॅसचा लायटर, नळ, कुकरची शिट्टी, हे सगळं एकेक करून जवळून घ्या.

रात्री कार्ड रिकामं करायच्या आधी दोन वेगळ्या डिस्कवर कॉपी, मधल्या दोन-तीन फाईल उघडून ऐका, आणि वहीच्या पानांचे फोटो त्याच फोल्डरमध्ये टाकून एडिटरला द्या. फ्रिज चालू केलात ना?