पोपट अचानक घाबरायला लागलाय? आधी या चुका टाळा

कालपर्यंत खांद्यावर बसून कानातली बाळी ओढणारा पोपट आज तुम्ही खोलीत पाय ठेवला की पिंजऱ्याच्या मागच्या जाळीला चिकटतो. किंचाळतो, फडफडतो, नुसती पाण्याची वाटी बदलायला गेलं तरी दांडीवरून खाली पडतो. घरात कुणी त्याला मारलेलं नाही, खाणंही तेच आहे. शेजारच्या आजी दारातूनच निकाल देतात, "मिठूले नजर लागनी!" आणि मीठ-मोहऱ्या ओवाळल्या जातात.

ओवाळल्याने पोपटाचं काही बिघडत नाही, फक्त त्या मोहऱ्या पिंजऱ्याजवळ विस्तवावर टाकू नका, पक्ष्यांना धूर सोसत नाही. खरं बिघडतं ते पुढच्या चार-पाच दिवसांत, जेव्हा घरातला प्रत्येक जण त्याला "पुन्हा माणसात आणायला" पिंजऱ्यापाशी जातो. असा पोपट बघायला कुणी बोलावलं तर मी आधी पक्ष्याकडे बघत नाही, पिंजऱ्याशेजारी उभं राहून तिथून काय काय दिसतं ते बघतो. कारण बहुतेक वेळा तिथेच सापडतं.

एक गोष्ट सुरुवातीलाच. इथे मी कॉकॅटिल, बजी, लव्हबर्ड, कन्युअर, आफ्रिकन ग्रे अशा परदेशी जातींबद्दल लिहितोय. आपला हिरवा रानपोपट, तसाच पहाडी पोपट, १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहे. तो पाळणं, विकणं, विकत घेणं सगळंच गुन्हा. बाजारात पिशवीतून आणलेलं रानपोपटाचं पिल्लू माणसाला घाबरतं, त्यात अचानक असं काही नसतं. असा पक्षी घरात असेल तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. परस्पर उडवून देऊ नका, पिंजऱ्यात वाढलेल्याला बाहेर जगता येत नाही.

पहिली चूक: भीती समजून आजार अंगावर काढणे

पक्षी आजार लपवतात. रानात अशक्त दिसणारा आधी शिकार होतो, म्हणून अगदी शेवटपर्यंत ठीक असल्यासारखं दाखवायची त्यांची खोड असते. अंगात काही दुखत असेल तर "हात लावू नको" एवढंच ते सांगू शकतात, आणि आपल्याला ते घाबरल्यासारखं वाटतं.

त्यामुळे पहिल्या दिवशी लाड नाही, तपासणी. पिसं फुगवून पिंजऱ्याच्या तळाशी बसला असेल, श्वासाबरोबर शेपटी वरखाली होत असेल, चोच उघडी टाकून धापत असेल, रक्त दिसत असेल, झटके येत असतील किंवा लंगडत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टर. लहान पक्ष्याने दिवसभर दाणा टिपला नाही तर तेही तातडीचंच समजा. पिसं गळायचे दिवस असतील तर नव्याने फुटणारी पिसं रक्ताने भरलेली असतात, तिथे बोट लागलं तरी कळ येते. असा पक्षी आठवडा-दोन आठवडे फटकून वागला तर नवल नाही.

आफ्रिकन ग्रे असेल तर आणखी एक शंका घ्या. नुसत्या सूर्यफुलाच्या बियांवर आणि बंद खोलीत वाढलेल्या ग्रेच्या रक्तात कॅल्शियम कमी पडतं. मग तो थरथरतो, तोल जाऊन पडतो, झटका येतो. बघणाऱ्याला वाटतं कशाला तरी दचकला. खिडकीच्या काचेतून आलेलं ऊन यावर कामाचं नाही, कारण हाडांना लागणारे किरण काच अडवते. सकाळचं कोवळं ऊन जाळीतून यायला हवं आणि पिंजऱ्याच्या निम्म्या भागात सावली हवी.

आणि मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे पारा ४५ अंशांवर गेला की पंख अंगापासून लांब धरून, चोच उघडी ठेवून बसलेला पोपट घाबरलेला नसतो, उकडून निघालेला असतो. पक्ष्यांना घामाच्या ग्रंथी नसतात.

घरात वजनाचा छोटा डिजिटल काटा असेल तर आठवड्यातून एकदा वजन लिहून ठेवायची सवय लावा. कॉकॅटिल साधारण ८० ते १२० ग्रॅमचा असतो. त्यातले दहा ग्रॅम गेले तरी डोळ्यांना कळत नाही, काट्याला कळतं.

दुसरी चूक: "काहीच बदललं नाही" असं छातीठोकपणे सांगणे

हे वाक्य मी प्रत्येक घरात ऐकतो, आणि बहुतेक घरांत ते खोटं ठरतं. लोक खोटं बोलत नाहीत, त्यांना ते दिसतच नाही. पोपटाचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात, जवळजवळ सगळीकडचं त्याला एकदम दिसतं. शिवाय आपल्याला न दिसणारे अतिनील रंगही दिसतात. आपल्या लेखी भिंत क्रीम रंगाची होती आणि क्रीमच आहे. नव्या रंगाच्या डब्यानंतर ती त्याच्या लेखी तीच असेल असं नाही.

खान्देशातल्या घरात संशयित शोधायला मला कॅलेंडर बरं पडतं.

मार्चमध्ये माळ्यावरचा पत्र्याचा कूलर उतरतो. इकडच्या घरांत पोपट घाबरण्याचं सगळ्यात मोठं कारण माझ्या मते हेच, आणि ते कुणाच्या डोक्यातही येत नाही, कारण आपल्याला त्याच्याशिवाय झोप येत नाही. पोपटाच्या बाजूने बघा. ज्या खिडकीतून तो रोज चिमण्या बघायचा ती एका रात्रीत बंद झाली, तिथे त्याच्या पिंजऱ्यापेक्षा मोठं धूड आलं, ते घरघरतं, थंड फुंकर मारतं, आणि पिंजरा त्याच भिंतीला टेकलेला असेल तर दांडीसुद्धा थरथरते. ही थरथर तो पायांतून ओळखतो. कूलर चालू असताना पिंजऱ्याच्या जाळीवर बोटं टेकवून बघा. तुम्हाला कंप लागला तर त्याला केव्हाच लागलाय.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकीबाळी माहेरी येतात, हातभर मेंदी काढतात, अंगणात किंवा ओसरीच्या तुळईला झोका बांधला जातो. मेंदीचा काळपट-लाल हात पोपटाला ओळखीचा हात वाटत नाही. नेलपॉलिश, नवा चष्मा, दाढी काढणं, डोक्याला बांधलेला रुमाल, हेल्मेट घालून थेट घरात येणं यांचंही तसंच. पोपट घरातल्या एकाच माणसाला घाबरत असेल तर त्या माणसाच्या अंगावर काय नवीन आहे ते आधी बघा. झोक्याचं तर विचारूच नका. डोक्यावरून एकसारखं येणारं-जाणारं काहीही पक्ष्याला घारीसारखं वाटतं.

श्रावणात कानबाईच्या, म्हणजे खान्देशातल्या देवीच्या सणाच्या, आधी घराला रंग लागतो. वास हा एक त्रास, बदललेली भिंत हा दुसरा, आणि सामान हलवताना पिंजऱ्याची जागा बदलते हा तिसरा. ऑइलपेंट असेल तर पक्षी त्या घरात ठेवूच नका. चार दिवस नातेवाइकांकडे पाठवा, पण त्याच्याच पिंजऱ्यात आणि त्याच्याच चादरीसकट. मग गणपतीतले ढोल, दिवाळीचे फटाके, लग्नसराईत दारावरून जाणारा बँड. एवढे मोठे आवाज असले की कारण आपोआप कळतं, त्यावर जास्त लिहीत नाही.

कॅलेंडरात न बसणारी कारणं रात्रीची असतात. उन्हाळ्यात सगळं घर गच्चीवर झोपायला जातं आणि प्रेमाने पिंजराही वर नेतं. वर घुबड असतं, मांजर असतं. एकदा मांजराने जाळीवर पंजा मारला की सकाळी तुम्हाला फक्त घाबरलेला पोपट दिसतो. घरातसुद्धा पाल पिंजऱ्यावरून पळाली, उंदीर सांडलेल्या दाण्याला आला, वीज गेली आणि इन्व्हर्टर टिटिट करायला लागला, यातल्या कशानेही कॉकॅटिल अंधारात उधळतो. दिसत नसल्यामुळे जाळीवर आपटतो, पिसं मोडतात, आणि दुसऱ्या दिवशी त्याला तो पिंजराच नको असतो. कॉकॅटिलच्या खोलीत रात्री छोटा मंद दिवा ठेवा, इन्व्हर्टरवर चालणारा. पिंजऱ्याची एक बाजू उघडी ठेवून बाकी झाका. रात्रीपुरती लोंबणारी खेळणी काढून ठेवा.

तिसरी चूक: मागे लागणे

"हाताची सवय मोडेल" या धास्तीने लोक पिंजऱ्यात हात घालतात, पक्षी कोपऱ्यात धरतात, छातीशी घेऊन थोपटतात. तो शांत झाला असं त्यांना वाटतं. तो शांत झालेला नसतो, त्याने सुटायचा प्रयत्न सोडलेला असतो. दुसऱ्या दिवशी तो हात बघूनच किंचाळतो, आणि आता त्याला खरंच कारण असतं. मूळ भीती कूलरची होती, तुम्ही ती स्वतःवर ओढवून घेतली.

हातमोजे घालून धरणं, टॉवेल टाकून धरणं हे औषध पाजायला किंवा डॉक्टरकडे न्यायला ठीक. ओळख वाढवायला नाही.

दोन्ही डोळ्यांनी रोखून बघत सरळ चालत येणं ही शिकाऱ्याची चाल आहे. समोरासमोर डोळे शिकाऱ्याला असतात. म्हणून कडेने, थोडं पाठमोरं होत, हळू बोलत जा. काय बोलता याला महत्त्व नाही, भाजीचा हिशोब केला तरी चालेल.

उपाशी ठेवून हातावर यायला लावणे हा सल्ला अजूनही दिला जातो. साफ चूक आणि जिवावर बेतणारी. ओरडणं, पिंजऱ्यावर थाप मारणं, तोंडावर पाणी फवारणं यांचीही तीच गत.

मग करायचं काय

सापडलेलं कारण काढून टाका किंवा लांब न्या. कूलर काढता येत नाही, तर पिंजरा समोरच्या भिंतीला न्या, जिथून कूलर दिसतो पण भिंत थरथरत नाही. पिंजरा खोलीच्या मधोमध किंवा दारामागे नको. पाठीला भिंत हवी, एका कोपऱ्यावर चादर हवी म्हणजे लपायला जागा मिळते. वरची दांडी आपल्या डोळ्यांच्या उंचीला यावी. दिवसभर पिंजरा झाकून ठेवू नका. रात्री मात्र दहा-बारा तास निवांत झोप मिळू द्या, टीव्हीच्या खोलीत ती मिळत नाही.

नवा पिंजरा, नवी वाटी, नवं खेळणं या दिवसांत आणू नका. आधी आणलेलं असेल तर उचलून खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवा आणि रोज थोडं थोडं जवळ सरकवा.

आता माणसाचं. दारापासून पिंजऱ्याकडे येताना कुठल्या पावलाला त्याची पिसं अंगाला चिकटतात, मान ताणली जाते, डोळे मोठे होतात ते बघा. त्या पावलाच्या अलीकडे थांबायचं. पुढचे काही दिवस तुमची हद्द तेवढीच. तिथे खुर्ची टाकून पेपर वाचा, शेंगा निवडा, त्याच्याकडे बघू नका. वाटी बदलायचं काम घरात ज्याला तो घाबरत नाही त्याच्याकडे द्या. असा कुणीच नसेल तर वाटी बदलायला जाताना दरवेळी त्याच्या सगळ्यात आवडीचा एक दाणा बाहेरून लावलेल्या वाटीत टाका आणि न थांबता निघून या. हे निघून येणं फार कामाचं असतं. तुम्ही येता तेव्हा चांगलं काही मिळतं, आणि तुम्ही जाता, हे त्याला कळायला हवं.

आपल्याकडे बाजरीचं कणीस सहज मिळतं, यासाठी त्याच्याइतकं चांगलं काही नाही. लांब असतं, त्यामुळे हात जवळ न नेता देता येतं. आधी जाळीत खोचून ठेवायचं, मग टोकाला धरून, मग रोज थोडं आखूड. तो पाठ फिरवेल त्या दिवशी एक पायरी मागे. दोन-चार मिनिटांत संपवा. तो अजून खात असताना आपण उठलेलं बरं.

काही पक्षी आठवड्यात सावरतात, काहींना, विशेषतः ग्रेंना, काही महिने लागतात. मधेच पुन्हा बिनसतं, त्यात घाबरण्यासारखं नाही.

घाईत केल्या जाणाऱ्या दोन गोष्टी

एक, पंख कापणे. उडून आपटतो म्हणून दुकानदाराकडून पंख छाटून आणतात. मग दचकला की तो उडत नाही, दगडासारखा छातीवर पडतो, आणि भीतीत दुखण्याची भर पडते. कापलेली पिसं पुढच्या पीसगळतीपर्यंत येत नाहीत. आधीच कापून झालं असेल तर दांड्या खाली घ्या, तळाला जाड गोधडी अंथरा, चढायला छोटी शिडी द्या.

दुसरी, जोडीदार आणणे. "एकटा आहे म्हणून घाबरतो" हे ऐकायला बरं वाटतं. घाबरलेल्या पक्ष्याच्या शेजारी अनोळखी पक्षी म्हणजे आणखी एक बदल, शिवाय त्याच्याबरोबर रोग येऊ शकतो. नवा पक्षी कधीही आणला तरी महिनाभर वेगळ्या खोलीत ठेवायचा असतो.

डॉक्टरकडे जाताना

तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात गाई-म्हशी आणि शेळ्यांचा अनुभव दांडगा असतो, पोपटाचा असेलच असं नाही. म्हणून आधी फोन करून "पक्षी बघता का" हे सरळ विचारा. नसतील बघत तर नाशिक, पुणे किंवा मुंबईकडच्या पक्षी बघणाऱ्या डॉक्टरांना आधी व्हिडिओ पाठवा. उन्हाळ्यात घाबरलेला पक्षी बसमधून सहा तास नेण्यापेक्षा आधी व्हिडिओ दाखवणं शहाणपणाचं. घरातला माणूस खोलीत नसताना काढलेला एक, कुणी आत आल्यावरचा एक, आणि पिंजऱ्याखालच्या कागदावरच्या ताज्या विष्ठेचा फोटो. त्यात हिरवा-तपकिरी भाग, पांढरा भाग आणि पाणी वेगवेगळं दिसायला हवं, म्हणून वर्तमानपत्राऐवजी पांढरा कागद अंथरा. वजनाचे आकडे, काय खातो, पिंजरा कधी घेतला, जाळी चकाकती जस्ताच्या मुलाम्याची आहे का हेही कळवा. पोपट जाळी कुरतडतो आणि जस्त पोटात गेलं तर त्याचं विष होतं. घरातलं माणसांचं तापाचं किंवा झोपेचं औषध मात्र थेंबभरही देऊ नका. शंभर ग्रॅमच्या जिवाला किती द्यायचं ते डॉक्टरच ठरवतील.