पैलवानाने वस्ताद कसे व्हावे

मैदाने थांबल्यावर पुढे काय, हा प्रश्न गदा खांद्यावर घेतलेल्या पैलवानालाही चुकत नाही. लातूर जिल्ह्यातील रामलिंग मुदगडच्या हरिश्चंद्र बिराजदारांनी महाराष्ट्र केसरी आणि रुस्तुम-ए-हिंद हे किताब जिंकल्यावर पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत शिष्य घडवले. त्यांचे शिष्य काका पवार पुढे स्वतः वस्ताद झाले आणि या दोघांच्या हाताखाली तयार झालेल्या, बीड जिल्ह्यातील पाटोद्याच्या राहुल आवारेने २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण, तर २०१९ च्या जागतिक स्पर्धेत कांस्यपदक मिळवले.

वस्ताद होऊ पाहणाऱ्याने सर्वप्रथम आपला हुकमी डाव बाजूला ठेवावा, कारण जो डाव आपल्या अंगाला बसला तो प्रत्येक पोराच्या अंगाला बसेलच असे नाही. त्याहून अवघड काम म्हणजे आपले अंग जे न सांगता करते, त्याची फोड करणे. एकेरी पट, म्हणजे समोरच्याचा एक पाय धरून त्याला पाडण्याचा डाव, शिकवताना नुसते ‘पट काढ’ म्हणून भागत नाही; पाऊल कुठे पडले, डोके आतल्या बाजूने बरगडीला टेकले का, हनुवटी वर आहे का, दोन्ही हात गुडघ्यामागे घट्ट बांधले का, हे एकेक करून पाहावे. मान खाली गेली की समोरचा वरून दाबतो आणि हाती आलेला पाय निसटतो, म्हणून तेवढाच भाग त्या दिवशी पुन्हा पुन्हा घोटून घ्यावा. माझ्या मते वस्तादाची खरी परीक्षा इथेच होते.

यात्रेतील कुस्ती मातीवर चितपट होईपर्यंत चालते, तर मॅटवर तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांत गुणांचा हिशेब असतो. म्हणून सराव दोन्हींवर हवा. ताक, तेल, हळद, लिंबू घालून माती कसदार ठेवावी आणि रोज फावड्याने उकरून घ्यावी. शक्य असेल त्याने पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा प्रशिक्षण अभ्यासक्रम पूर्ण करावा, म्हणजे सरकारी प्रशिक्षक म्हणून काम मिळण्याची वाट मोकळी होते.

दुष्काळी पट्ट्यातील पोराच्या घरी दूध-बदामाचा खर्च नेहमीच झेपतो असे नाही, त्यामुळे ज्वारीची भाकरी, शेंगदाणे, हरभरा, अंडी यांवर खुराक बसवावा आणि पालकांशी मोकळेपणाने बोलावे. प्रत्येकाचे वजन व दुखापती यांची वही ठेवावी. पोरगा आपल्या तालमीच्या पलीकडे गेला, की ती वही सोबत देऊन त्याला मोठ्या वस्तादाकडे स्वतः नेऊन सोडावे.