धान्यातला चोथा कसा ओळखावा आणि ताटापर्यंत कसा टिकवावा

चोथा म्हणजेच तंतुमय पदार्थ वाढवायचे ठरवले की, बहुतेक जण आधी धान्याचे नाव बदलतात. गव्हाऐवजी नाचणी किंवा तांदळाऐवजी वरई येते. माझ्या मते विचारण्याचा पहिला प्रश्न वेगळा आहे : या दाण्यावरचा कोंडा किती शिल्लक आहे? धान्यातील चोथा मुख्यतः दाण्याच्या बाहेरच्या पापुद्र्यांत असतो आणि आतला पांढरा भाग बव्हंशी पिष्टमय असतो, त्यामुळे सडणे, पॉलिश करणे आणि चाळणे या तीन क्रियांत तो सर्वाधिक गमावला जातो.

रानटी धान्यात चोथ्याचे प्रमाण अधिक का असते, हेही यावरूनच कळते. पाणथळ जागी आपसूक उगवणारा देवभात ऋषिपंचमी पाळणाऱ्या अनेक घरांना ठाऊक असेल. त्याचा दाणा बारीक, त्यावरचा कोंडा तांबूस, कुसळ लांब आणि पिकताच गळून पडण्याची खोड. दाणा जितका लहान, तितका त्याच्या वजनात कोंड्याचा वाटा मोठा. सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी पश्चिम आशियात गहू आणि सातू यांची शेती सुरू झाली, तेव्हापासून माणसाने न गळणारी आणि टपोऱ्या दाण्याची रोपे निवडली, म्हणजे नकळत पिष्ट वाढवले आणि कोंड्याचा वाटा घटवला. मात्र रानटी धान्याचे आकडे वाचताना ते टरफलासकट मोजले आहेत का, हे पाहावे. टरफल माणूस खात नाही, त्यामुळे त्यातला चोथा आपल्या हिशेबात धरण्यात अर्थ नाही.

आकड्यांचा आणखी एक सापळा आहे आणि तो अधिक फसवा आहे. जुन्या पोषण तक्त्यांत ‘कच्चे तंतू’ मोजलेले असत. त्या पद्धतीत आम्ल आणि अल्कली यांच्या प्रक्रियेत चोथ्याचा मोठा भाग विरघळून जाई, म्हणून तिथे १०० ग्रॅम गव्हात १.२ ग्रॅम आणि नाचणीत ३.६ ग्रॅम चोथा दिसतो आणि नाचणी गव्हाच्या तिप्पट चांगली असल्याचा समज होतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या तक्त्यांत एकूण आहारीय चोथा मोजला आहे आणि त्यात गहू, नाचणी व बाजरी तिन्ही सुमारे ११ ग्रॅमवर येतात, ज्वारी सुमारे १० आणि सातू १५ ग्रॅमच्या पुढे. पॉलिश केलेला तांदूळ आणि मैदा मात्र प्रत्येकी जेमतेम २.८ ग्रॅमवर थांबतात. नाचणी तिच्यातल्या कॅल्शियमसाठी जरूर खावी, पण चोथ्यासाठी अख्ख्या गव्हाला कमी लेखण्याचे कारण नाही.

आता खरेदी. मुंबईत वाण्याकडे किंवा मॉलमध्ये वरई, राळा, कोद्रा सहज मिळतात, परंतु त्यांतली बरीचशी पांढरीशुभ्र, म्हणजे चांगलीच घासलेली असतात. रंग किंचित मळकट आणि दाणा थोडा खरखरीत असेल तो माल घ्यावा. तांदूळ घेताना हातसडीचा मागावा. कोकणातला उकडा तांदूळही चांगला, पण उकडल्याने मुख्यतः जीवनसत्त्वे दाण्याच्या आत सरकतात, चोथा मात्र पॉलिश किती केले त्यावरच ठरतो. तपकिरी ब्रेडच्या रंगावर जाऊ नये, कारण तो कॅरॅमलचाही असू शकतो. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेली असते, तेव्हा पहिला घटक मैदा असेल तर पाकीट परत ठेवावे. अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या नियमांनुसार घन पदार्थावर ‘चोथ्याने समृद्ध’ अशा अर्थाचा दावा करायला १०० ग्रॅममागे किमान ६ ग्रॅम चोथा लागतो, त्यामुळे दाव्याशेजारी आकडाही शोधावा.

गहू निवडून गिरणीत द्यावेत आणि घरी आणलेले पीठ बारीक चाळणीने चाळू नये. पोळी कडक होते ही तक्रार रास्त आहे. त्यावर उपाय म्हणजे पीठ थोडे सैल भिजवून अर्धा तास झाकून ठेवणे. कोंडा पाणी शोषून घेतो आणि पोळी मऊ होते.

सातू आणि ओट्स यांची गोष्ट थोडी निराळी. त्यांच्यातला बीटा-ग्लुकन हा चोथा पाण्यात विरघळून बुळबुळीत होतो आणि दिवसाला सुमारे ३ ग्रॅम पोटात गेल्यास कोलेस्टेरॉल कमी व्हायला मदत करतो. सातूमध्ये तो केवळ कोंड्यात नसून दाण्यात आतपर्यंत असतो, म्हणून सोललेला सातूही निरुपयोगी ठरत नाही. गव्हाच्या कोंड्यातला चोथा बहुतांशी न विरघळणारा असतो आणि शौचाला साफ होण्यासाठी तोच अधिक उपयोगी पडतो. दोन्ही हवेत.

मोठ्या माणसाने दिवसाला ३० ग्रॅमच्या आसपास चोथा खावा. समजा, एखाद्याच्या दिवसभराच्या खाण्यात पावातून ६० ग्रॅम मैदा, पोळ्यांतून १०० ग्रॅम न चाळलेली कणीक आणि १०० ग्रॅम पांढरा तांदूळ आहे. चोथा भरतो साधारण १५ ते १६ ग्रॅम. रात्रीच्या तेवढ्याच वजनाच्या तांदळाऐवजी दोन ज्वारीच्या भाकऱ्या केल्या, तर ७ ग्रॅमची भर पडते. उरलेला भाग उसळी आणि भाज्यांनी भरून काढावा. १०० ग्रॅम कोरड्या अख्ख्या मुगात सुमारे १७ ग्रॅम चोथा असतो. हा बदल एकदम करू नये, कारण पोटात वायू धरतो. दोन-तीन आठवड्यांत हळूहळू वाढवावा आणि पाणीही वाढवावे. आतड्याचा आजार असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. ज्यांना ग्लुटेन वर्ज्य आहे, त्यांना गहू आणि सातू चालत नाहीत. ज्वारी, बाजरी, नाचणी चालतात.

कोंड्यासकट दळलेले पीठ जास्त दिवस टिकत नाही, कारण कोंड्याबरोबर अंकुरातले तेलही पिठात उतरते. बाजरीचे पीठ तर फार लवकर कडवट होते आणि मुंबईच्या पावसाळी दमट हवेत कोणतेच पीठ भरवशाचे नाही, म्हणून जून ते सप्टेंबर या काळात आठवड्यापुरतेच दळून आणावे आणि घट्ट झाकणाच्या डब्यात, जागा असल्यास फ्रिजमध्ये ठेवावे.