नेटवर्क गेलं की लगेच ड्रायव्हरच्या मागे लागू नका

सर्व्हरचं नेटवर्क गेलं की नवीन माणसाचा पहिला संशय ड्रायव्हरवर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर), माझाही तसाच होता. कामाला लागून दोन-तीन महिनेच झालेले, एका लिनक्स सर्व्हरमध्ये आम्ही स्टोरेज कार्ड बसवलं, मशीन नीट बूट झालं पण नेटवर्क गायब. मी पेनड्राइव्हवर ड्रायव्हर आणला, कंपाइल करायला बसलो तर त्यासाठी लागणाऱ्या कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) हेडर फाइल्स नाहीत, ते उतरवायला नेटवर्क पाहिजे आणि तेच तर बंद! तीन तास ह्यातच गेले.

मग सिनियर आले, त्यांनी फक्त 'एलएसपीसीआय -के' (lspci -k) मारलं, म्हणजे मशीनमधली कार्डं आणि त्यांचे ड्रायव्हर दाखवणारी कमांड. नेटवर्क कार्डाखाली 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' आणि पुढे ड्रायव्हरचं नाव, सगळं जागेवर. "ड्रायव्हर लागलाय की रे, शोधतोयस काय?" मग 'आयपी लिंक' (ip link) मारलं तर इंटरफेसचं, म्हणजे लिनक्सने नेटवर्क कार्डाला दिलेलं, नाव आलं ईएनपी4एस0, आणि कॉन्फिग फाइलमध्ये होतं ईएनपी3एस0. त्यातला पहिला आकडा पीसीआय बसचा (कार्ड ज्या मार्गाने मशीनला जोडलेलं असतं त्याचा) असतो, नवीन कार्ड घुसलं की बसचे नंबर सरकू शकतात आणि नाव बदलतं, फाइल बिचारी जुन्याच नावाला आयपी देत बसलेली. आकडा बदलला, दोन मिनिटांत पिंग चालू. आता मी कॉन्फिगमध्ये नावाऐवजी मॅक ॲड्रेस (कार्डाचा स्वतःचा कायमचा नंबर) जुळवतो.

'एलएसपीसीआय'च्या यादीत कार्डच दिसत नसेल तर स्लॉट नाहीतर बायोस बघा. कार्ड आहे पण ड्रायव्हरची ओळ नाही, तेव्हा मात्र खरंच ड्रायव्हरचा घोळ, मग 'डीमेसेज' (dmesg, कर्नलचे संदेश) वाचा, फर्मवेअरची (कार्डाच्या आतल्या सॉफ्टवेअरची) फाइल सापडली नाही असं बऱ्याचदा तिथे सरळ लिहिलेलं असतं. कर्नल अपडेटनंतर झालं असेल तर आधी जुन्या कर्नलने बूट करून बघा, कारण बाहेरून टाकलेला ड्रायव्हर नवीन कर्नलसाठी परत बिल्ड करावा लागतो, हे बिल्ड करून देणारं डीकेएमएस लावलं नसेल तर ते आपोआप होत नाही.

सगळ्यात छळतो तो अर्धवट चालणारा प्रकार, म्हणजे पिंग मस्त पण फाइल कॉपी रडतखडत. 'ईथटूल' (ethtool) ह्या कमांडमध्ये स्पीड आणि डुप्लेक्स बघा; फुल डुप्लेक्स म्हणजे एकाच वेळी दोन्हीकडे डेटा, हाफ म्हणजे एका वेळी एकाच दिशेने. स्विचवर कुणीतरी 100 एमबीपीएस फुल डुप्लेक्स फिक्स करून ठेवलेलं असतं आणि आपलं कार्ड ऑटोवर, मग आपली बाजू हाफ डुप्लेक्सवर पडते. दोन्हीकडे ऑटो ठेवा, विषय संपला. एमटीयू (एका पॅकेटचा जास्तीत जास्त आकार) 9000 केला असेल तर फ्रॅगमेंट न करता 8972 बाइटचं पिंग मारा, ते अडकलं तर बहुतेक मधल्या एखाद्या स्विचवर जम्बो फ्रेम (एवढी मोठी पॅकेट) चालू नाहीये.

आणि एसएसएचवर (नेटवर्कवरून दुसऱ्या मशीनवर) बसून नेटवर्क ड्रायव्हरचं मॉड्यूल काढायचं असेल तर काढायची आणि परत लावायची कमांड एकाच ओळीत, टीमक्समधून (tmux, कनेक्शन तुटलं तरी कमांड चालू ठेवतं) द्या. मी एकदा नुसती काढायची दिली, दुसरी टाइप करायला कनेक्शनच उरलं नाही, मग कीबोर्ड बगलेत मारून सर्व्हर रूममध्ये गेलो.