लुआटेकमध्ये परिच्छेद हाताळताना या चुका टाळा

गोदाकाठच्या घाटांबद्दलची पुस्तिका लुआटेकमध्ये, म्हणजे आत लुआ ही प्रोग्रॅमिंग भाषा असलेल्या टेक या अक्षरजुळणीच्या प्रोग्रॅममध्ये, लावायची आहे. दर चार-पाच पानांनंतर एखाद्या परिच्छेदाची शेवटची ओळ म्हणजे नुसतं ‘आहे.’ हाताने दुरुस्त करत बसण्यापेक्षा लुआत वीस ओळींचं फंक्शन लिहिलं की काम होतं. पण फंक्शन लिहिलं आणि परिच्छेदच गायब झाला, किंवा काहीच बदललं नाही, असंही होतं. बहुतेक वेळा कारण एकच असतं: परिच्छेद त्या क्षणी कुठल्या अवस्थेत आहे हे पाहिलेलं नसतं. आधी तो नुसता मजकूर असतो, मग नोडची (एकेक अक्षर, एकेक मोकळी जागा अशा सुट्या तुकड्यांची) साखळी होतो, आणि शेवटी ओळींचे डबे.

पहिली ठेच डायरेक्टलुआ या, टेकच्या फाइलीत लुआ कोड लिहायच्या, कमांडमध्येच लागते. कंसातला कोड लुआकडे जाण्याआधी टेक तो स्वतः वाचतं. टक्क्याचं चिन्ह आलं की त्या ओळीचा उरलेला भाग टिप्पणी समजून गिळला जातो, त्यामुळे स्ट्रिंग फॉरमॅट तिथे चालत नाही. उलट्या तिरक्या रेषेपासून (\) सुरू होणारा प्रत्येक शब्द टेक आपली कमांड समजतं. ओळीचा शेवट म्हणजे टेकच्या दृष्टीने एक स्पेस, म्हणून लुआची दोन डॅशची टिप्पणी टाकली की तिच्यापुढचा सगळा कोड टिप्पणीत जातो. दोन ओळींपेक्षा मोठं काहीही असेल तर वेगळी लुआ फाइल करा आणि रिक्वायरने बोलवा. या अडचणींसाठी लुआकोड पॅकेज आहे, पण वेगळी फाइल केव्हाही बरी.

मजकुराच्या पातळीवर देवनागरी हमखास फसवते. लुआची स्ट्रिंग बाइट मोजते. ‘नाशिक’ची लांबी विचारली तर उत्तर १५ येतं, कारण पाच युनिकोड चिन्हं आणि प्रत्येकी तीन बाइट. युटीएफ-८ लायब्ररीचं लेन वापरलं तर ५ मिळतात. अक्षरं मात्र तीनच, आणि ती मोजणारं तयार फंक्शन लुआत नाही.

याहून घातक म्हणजे चौकटी कंस. एकेरी आणि दुहेरी दंड शोधायला दोन्ही चिन्हं चौकटी कंसात टाकून जीसब (लुआचं शोधून बदलणारं फंक्शन) चालवलं, तर सगळा मजकूर चिंध्या होतो. एकेरी दंडाचे बाइट २२४, १६५, १६४. दुहेरीचे २२४, १६५, १६५. लुआ यातला प्रत्येक बाइट सुटा धरते, आणि २२४ हा तर देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हाचा पहिला बाइट! प्रत्येक चिन्हासाठी वेगळं जीसब लिहा. ‘दऱ्या’सारखे शब्द शोधताना आणखी एक गोष्ट तपासा: ‘ऱ’ कधी एका चिन्हाने लिहिलेला असतो, कधी र आणि नुक्ता जोडून. दिसायला दोन्ही सारखे, तुलनेत वेगळे.

हे बदल प्रोसेस इनपुट बफर या कॉलबॅकमध्ये (टेक ठरलेल्या टप्प्यावर तुमचं फंक्शन बोलवतं ती जागा) करायचे ठरवलंत तर तिथे परिच्छेद नसतो, फाइलची एकेक ओळ येते. दोन शब्दांचा प्रयोग ओळीच्या टोकाला तुटला असेल तर सापडणार नाही. शिवाय त्याच ओळीत कमांड आणि फाइलची नावंही असतात; सरसकट हायफन बदलायला गेलात तर चित्रं सापडेनाशी होतात.

खरा गोंधळ प्री-लाइनब्रेक-फिल्टर या, ओळी पाडण्याआधीच्या, कॉलबॅकमध्ये होतो. लाटेकमध्ये लुआओटीएफलोड हे फाँटचं यंत्र याच ठिकाणी, तुमच्या फंक्शनच्या आधी नोंदलेलं असतं. तुमची पाळी येते तेव्हा ‘शि’मधली वेलांटी श च्या आधी गेलेली असते, जोडाक्षरांच्या जागी फाँटमधली चित्रं आलेली असतात. ग्लिफ नोडच्या (अक्षराच्या आकाराच्या नोडच्या) char या फील्डमध्ये ‘क्ष’ शोधलात तर तो तिथे नसतोच. अक्षरांवर काम करायचं तर आकार ठरण्याआधी शिरायला हवं: लुआओटीएफलोडचं फंक्शन रिमूव्ह-फ्रॉम-कॉलबॅकने काढा, ते परत मिळालेलं फंक्शन आणि त्याचं वर्णन जपून ठेवा, आधी आपलं जोडा, मग ते पुन्हा जोडा. उलट रुंदी मोजायची असेल तर आकार ठरल्यानंतरचीच जागा योग्य, म्हणजे क्रमाला हात लावायचा नाही.

‘आहे.’चा इलाज दुसऱ्या प्रकारचा. साखळीच्या शेपटाकडून मागे या. आधी पारफिलस्किप (शेवटची ओळ भरून काढणारी मोकळी जागा) लागेल, उपप्रकार १५, आणि त्याच्याआधी १०००० ची पेनल्टी, म्हणजे तिथे ओळ तोडण्याचा दंड. ती ओलांडून पहिली शब्दांमधली मोकळी जागा गाठा: ग्लू, उपप्रकार १३ किंवा १४. तिथून शेवटापर्यंतची रुंदी नोड-डायमेन्शन्सने मोजा. २० मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर त्या ग्लूच्या आधी १०००० ची पेनल्टी घाला, म्हणजे तिथे ओळ तुटणार नाही. मग आणखी मागची जागा बघा. मर्यादा लुआत टेक-एसपीने घ्या, कारण नोडमधली मापं स्केल्ड पॉइंटमध्ये असतात: एका पॉइंटचे ६५५३६. तीन-चार शब्दांपलीकडे बांधू नका, नाहीतर अरुंद स्तंभात ओळ बाहेर येते.

यात पेनल्टीचा नोड फंक्शनबाहेर एकदाच बनवून दर वेळी तोच घालणं ही नेहमीची चूक. एकच नोड दोन साखळ्यांत अडकतो आणि मग कंपाइल अडतं किंवा कुठेतरी भलतीच त्रुटी येते. दर वेळी नवा बनवा किंवा नोड-कॉपी वापरा. साखळीच्या डोक्यावरचा लोकल-पार नोड तिथेच राहू द्या, त्याच्याआधी काही घालू नका.

फंक्शनच्या शेवटी हेड (साखळीचा पहिला नोड) परत करा, काहीच बदललं नसेल तर ट्रू. गायब परिच्छेदाचं कारण बहुतेक इथेच सापडतं: इफच्या एका फांदीत रिटर्न राहून गेलेला असतो. फंक्शनच्या आत टेक-प्रिंट करून परिच्छेदात शब्द घुसवता येत नाही. साखळी तयार झालेली असते, छापलेलं पुढच्या मजकुरात जाऊन पडतं.

जुन्या कोडमध्ये ग्लिफसाठी ३७ हा आकडा दिसला तर तो उचलू नका. लुआटेक १.० पासून ग्लिफ २९ आहे. आकडा लिहूच नका, नोड-आयडीला नाव देऊन विचारा. ग्लूची रुंदीही पूर्वी स्पेकमधून घ्यावी लागे, आता थेट मिळते. पानावर मधेच ‘.०’ छापलेलं दिसलं तर भागाकार शोधा: लुआ ५.३ मध्ये १० भागिले २ म्हणजे ५.०. दोन तिरक्या रेषांचा भागाकार वापरा.

फंक्शन फक्त मुख्य मजकुरावर चालेल असं धरू नका. तळटीप, तक्त्यातला परिच्छेदाचा रकाना, मिनिपेज, सगळे याच वाटेने जातात. दुसरा अर्ग्युमेंट ग्रुपकोड पाहा. मुख्य पानासाठी तो रिकामा असतो. याहून बारीक निवड हवी तर अ‍ॅट्रिब्यूट (नोडला चिकटणारी खूण) लावा, पण तो ग्लिफवर वाचा. परिच्छेद संपण्याआधी कंस बंद झाला असेल तर शेवटच्या ग्लूवर तो नसतो.

तरीही काही कळत नसेल तर फाइल एका परिच्छेदावर आणा आणि प्रत्येक नोडचा प्रकार व उपप्रकार टेक्सआयओने लॉगमध्ये लिहून घ्या. डिस्क नोड (शब्द तोडता येईल अशा जागा) दिसले तर त्यांच्या रिप्लेसमध्येही डोकवा; हायफनेशन चालू असताना शब्दातली काही अक्षरं तिथे लपलेली असतात आणि साधं ट्रॅव्हर्स तिथे जात नाही.