व्हीलचेअरवरून जिम: आधी ओढा, ढकलायचं मागाहून

"चाकं ढकलून तुमचा हातांचा व्यायाम होतोच की, काका," असं म्हणत बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या एका जिमच्या ट्रेनरने मला पहिल्याच दिवशी चेस्ट प्रेसवर, म्हणजे छातीसमोर दांडे ढकलायच्या मशीनवर, बसवलं. चार महिन्यांत उजवा खांदा असा धरला, की शर्टाची बाही चढवायला बायकोला हाक मारावी लागे. चाकं ढकलणारा माणूस दिवसभर छाती आणि खांद्याचा पुढचाच भाग वापरतो. तो आखडत जातो आणि पाठ नुसतीच बसून राहते. त्यावर आणखी ढकलणंच चढवलं तर खांदा तक्रार करणारच. म्हणून ढकलण्याचा एक सेट, तर ओढण्याचे दोन. आखाडेवाल्या माणिकरावांच्या बडोद्यात जोर काढणाऱ्यांना हे पटत नाही, पण आपले खांदे पायांचंही काम करतात.

रबर बँडने पाच मिनिटं खांदे मोकळे करा. वजन असं घ्या की बारा वेळा नीट ओढता येईल आणि शेवटचे दोन जड जातील.

आता केबल रो, म्हणजे बसून समोरची केबल स्वतःकडे ओढणं. मी इथेच आपटलोय. मशीनसमोर खुर्ची लावली, दोन्ही ब्रेक दाबले, पिन तीस किलोला घातली. ओढताच खुर्ची गुळगुळीत टाइल्सवरून सुळकन पुढे सरकली आणि कपाळ लोखंडी खांबाला टेकलं. ब्रेक चाकाला फिरू देत नाही, पण टायर फरशीवर घसरतो, हे कुणी सांगितलंच नव्हतं. तेव्हा चाकांखाली रबरी मॅट हवीच. जड डंबेलच्या कोपऱ्यात असते, बेधडक मागून घ्या. मॅटवर थोडं पुढे जा, मग वीतभर मागे या. या मागे येण्याने पुढची लहान चाकं समोर वळतात, खुर्चीचा पाया लांबतो आणि ती तोंडघशी कलंडत नाही. ब्रेक त्यानंतर. सुरुवात दहा किलोने करा आणि पहिल्या दिवशी खुर्ची धरायला मागे कुणाला तरी उभं करा.

कंबरेत जोर नसेल तर छातीवरून पाठीच्या टेकूला रुंद पट्टा बांधा. दोरी किंवा ओढणी नको, ती रुतते. आणि जिथे स्पर्श कळत नाही तिथे रुतलेलंही कळत नाही. ओढताना कोपरं बरगड्यांच्या मागे जाऊ द्या, पण खांदे कानांकडे चढवू नका. सोडताना मनात तीन मोजा. छातीला पॅड असलेलं रो मशीन मिळालं आणि त्याच्या सीटवर सरकता आलं, तर ही सगळी कटकट वाचते.

लॅट पुलडाउन म्हणजे डोक्यावरचा दांडा खाली ओढायचं मशीन; त्याचा दांडा खुर्चीतून हाताला लागत नाही. वजन पेलणारी साखळी आणि दोन लॉकिंग हुक लावून तो खाली आणा. दांडा गळ्याच्या हाडापर्यंतच, मानेमागे कधीही नाही. बूड उचललं जात असेल तर वजन जास्त झालं.

चेस्ट प्रेस मशीनच्याच सीटवर बसून करा. केबलकडे पाठ करून खुर्चीतून ढकलायचं मी कुणालाच सुचवणार नाही. खुर्ची मागे उलटते आणि डोकं सगळ्यात आधी जमिनीला लागतं.

आठवड्यातून दोनदा, मध्ये किमान दोन दिवस सोडून. हात थरथरेपर्यंत ताणू नका, घरी जाऊन याच हातांनी पलंगावर चढायचंय. माझ्यासारखा पोलिओ झालेला असेल आणि दुसऱ्या दिवशीही थकवा उतरला नाही, तर सेट कमी करा. मणक्याला छातीच्या वरच्या भागात किंवा मानेत इजा असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरुवातच नको. अचानक डोकं ठणकलं, चेहरा लाल झाला, घाम फुटला, तर लगेच थांबा, ताठ बसा, पट्टा सोडा आणि लघवीची नळी कुठे दुमडली आहे का ते बघा. तरी उतरलं नाही तर थेट दवाखाना.