चावी फिरवली, पण मीटर लागलाच नाही: मोटारसायकलमधला करंट कुठे अडला ते कसं शोधायचं

चावी फिरवल्यावर मीटर अंधारातच राहिला, हॉर्न वाजला नाही, इंडिकेटर लागला नाही, की पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "बॅटरी गेली." बऱ्याचदा बॅटरी ठणठणीत असते आणि दोष एखाद्या सांध्यात असतो: सैल टर्मिनल, हिरवा पडलेला कपलर (वायरी जोडणारा प्लास्टिकचा जोड), आतून तुटलेली वायर. म्हणून नवीन बॅटरी घेण्याआधी वीस मिनिटं तपासणीला द्या.

आधी गाडी नेमकी कशी मेली आहे ते पाहा. काहीच लागत नसेल, तर दोष बॅटरी, तिचे सांधे, मेन फ्यूज आणि चावीचा स्विच या चौघांत आणि त्यांना जोडणाऱ्या वायरींत शोधायचा. लाईट मंद आणि सेल्फ मारल्यावर नुसतं "कट-कट-कट" होत असेल, तर बॅटरी उतरली आहे किंवा टर्मिनल धरत नाही. लाईट, हॉर्न झकास पण इंजिन चालू होत नाही, तर हा लेख बाजूला ठेवून आधी किल स्विच (हँडलवरचा इंजिन बंद करायचा), साइड स्टँडचा स्विच आणि क्लचचा स्विच पाहा.

सामान फार लागत नाही. 10 नंबरचा पाना, स्टार स्क्रू ड्रायव्हर, पॉलिश पेपर, साधा मल्टिमीटर, त्याच आकड्याचे दोन-तीन फ्यूज आणि 12 व्होल्ट 21 वॉटचा इंडिकेटरचा बल्ब, ज्याच्या होल्डरला हातभर लांबीच्या दोन वायरी जोडल्या आहेत. हा बल्ब या कामात मल्टिमीटरपेक्षाही उपयोगी पडतो. का, ते पुढे येईलच.

मल्टिमीटर डीसी 20 व्होल्टवर ठेवून बॅटरी मोजा. गाडी काही तास उभी असेल तर भरलेली बॅटरी 12.6 ते 12.8 दाखवते. 12.2 म्हणजे साधारण निम्मी, आणि 11.8 च्या खाली म्हणजे रिकामी. आता सेल्फ दाबून ठेवा आणि आकडा बघा. 9.6 च्या खाली घसरला तर बॅटरी कमजोर आहे. आधी चार्ज करा. 5 एएच (अँपिअर-तास) क्षमतेच्या बॅटरीला अर्धा अँपिअर, म्हणजे क्षमतेच्या दहाव्या भागाइतका करंट, दहा तास द्या. मोठ्या चार्जरने तासाभरात भरायला जाऊ नका, प्लेटा खराब होतात. पूर्ण चार्ज करूनही आकडा तसाच कोसळत असेल तरच ती बदला.

मल्टिमीटर इथेच फसवतो. वायरीच्या सतरा तारांपैकी सोळा तुटल्या आणि एकच कशीबशी टेकून असली, तरी मीटर पूर्ण 12.6 दाखवतो, कारण त्याला चालायला करंट जवळपास लागतच नाही. 21 वॉटचा बल्ब मात्र पावणेदोन अँपिअर ओढतो. त्या नुसत्या टेकलेल्या तारेतून किंवा बुरशी चढलेल्या टर्मिनलमधून तेवढा करंट नीट जात नाही, आणि बल्ब मिणमिणतो किंवा लागतच नाही. म्हणून करंट पोहोचतो का हे बल्बनेच पाहावं.

बल्बची एक वायर बॅटरीच्या निगेटिव्ह खांबाला धरा. दुसरी आधी पॉझिटिव्ह खांबावर टेकवा, वायरीच्या लगवर (खांबाला आवळलेल्या तिच्या धातूच्या टोकावर) नाही. बल्ब लख्ख लागला की मग लगवर टेकवा. खांबावर लख्ख आणि लगवर मंद, म्हणजे दोष त्या दोघांच्या मध्ये, अर्ध्या मिलिमीटरच्या पांढऱ्या-हिरव्या थरात आहे. तिथे ठीक असेल तर मेन फ्यूजची आत जाणारी बाजू, मग बाहेर येणारी, मग चावीच्या कपलरमध्ये येणारी वायर, आणि चावी ऑन करून तिथून निघणारी वायर. जिथे बल्ब विझला, त्याच्या आणि आधीच्या जागेच्या मध्ये दोष. वायरींचे रंग कंपनीप्रमाणे बदलतात. होंडा आणि हिरोच्या बहुतेक गाड्यांत लाल म्हणजे थेट बॅटरीची, काळी म्हणजे चावीनंतरची आणि हिरवी म्हणजे अर्थ, म्हणजे करंट चॅसिसमार्गे बॅटरीच्या निगेटिव्हला परत नेणारी.

अर्थची बाजू लोक हमखास विसरतात. बल्बची एक वायर आता पॉझिटिव्हला धरा आणि दुसरी निगेटिव्हच्या लगवर, इंजिनाच्या बोल्टवर, चॅसिसच्या रंग नसलेल्या जागेवर टेकवत जा. कुठे मंद झाला तर अर्थचा बोल्ट उघडा, गंज आणि रंग घासून काढा, परत आवळा. निगेटिव्ह खांब आणि इंजिन यांच्यात मीटर लावून सेल्फ मारलात, तर आकडा 0.2 व्होल्टच्या आत राहायला हवा.

टर्मिनल साफ करताना आधी निगेटिव्ह सोडवा, जोडताना ते शेवटी जोडा. उलट केलंत आणि पाना पॉझिटिव्हवर असताना चॅसिसला टेकला, तर तिथेच ठिणगी उडते. थर गरम पाण्यात कालवलेल्या खाण्याच्या सोड्याने धुवा, वाळवा, पॉलिश पेपर मारा, घट्ट आवळा आणि वरून व्हॅसलिनचा पातळ हात फिरवा. व्हॅसलिन आवळल्यानंतर, आधी नाही.

चावी ऑन ठेवून हँडल डावीकडून उजवीकडे पूर्ण फिरवा आणि गाडीच्या मीटरच्या लाईटवर लक्ष ठेवा. लाईट येतो-जातो असं झालं तर हँडलच्या मानेतली वायर तुटली आहे. वर्षानुवर्षं दुमडून तांबं आतून तुटतं, वरचं प्लास्टिक मात्र धडधाकट दिसतं. संशय असलेली वायर दोन्ही हातांनी हळूच ओढा. तुटलेल्या जागी ती रबरासारखी ताणली जाते, धड वायर ताणली जात नाही. तेवढा तुकडा कापून त्याच जाडीची वायर डाख देऊन जोडा, वर हीट श्रिंक नळी चढवा. नुसती पीळ देऊन टेप गुंडाळली तर ती पहिल्या पावसापुरती. चावीचा स्विच आतून काळवंडला असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारून चावी पंधरा-वीस वेळा फिरवा. इंजिन ऑइल किंवा खोबरेल घालू नका, त्याला धूळ चिकटते.

फ्यूज उडाला असेल तर त्याच आकड्याचा घाला: 10 चा लाल, 15 चा निळा, 20 चा पिवळा. सिगारेटच्या पाकिटातली चांदी किंवा तांब्याची तार कधीही घालू नका. तार वितळत नाही, मग तिच्याऐवजी टाकीखालची वायरिंग पेटते. नवा फ्यूजही लगेच उडाला तर शॉर्ट आहे. फ्यूज जाळत बसण्यापेक्षा त्याच्या जागी तो 21 वॉटचा बल्ब जोडा आणि हेडलाईट, हॉर्न, मागचा दिवा यांचे कपलर एकेक करून सोडवत जा. शॉर्ट असेपर्यंत बल्ब लख्ख जळतो. ज्या कपलरला तो विझतो किंवा एकदम मंद होतो, शॉर्ट त्याच फाट्यावर. मागच्या मडगार्डखाली आणि टाकीखाली चॅसिसच्या धारेवर घासणारी वायर पहिल्यांदा बघा. वरून लावलेल्या फॉग लॅम्पची आणि अलार्मची वायरही सुटू देऊ नका.

बॅटरी आज चार्ज केली आणि चार दिवसांनी परत उतरली, तर चार्जिंग तपासा. इंजिन 4,000 ते 5,000 आरपीएमवर नेऊन बॅटरीवर 13.5 ते 14.8 व्होल्ट दिसायला हवेत. कमी असतील तर आरआर युनिटचा (रेग्युलेटर-रेक्टिफायर, जो मॅग्नेटचा एसी करंट डीसी करून बॅटरीला बेताने देतो) कपलर उघडून बघा. तपकिरी झालेलं प्लास्टिक म्हणजे सांधा सैल होऊन तापतोय. तीन पिवळ्या वायरी असतील तर त्यांचा कपलर सोडून, मीटर एसी 200 वर ठेवून, दोन-दोनच्या तिन्ही जोड्या मोजा. आकडे चांगले आणि साधारण सारखे हवेत. 5,000 आरपीएमला ते सहसा 50 च्या वर जातात, म्हणून उघड्या टोकांना हात लावू नका. इंजिन बंद करून मल्टिमीटरच्या कंटिन्युइटीवर कुठलीही पिवळी वायर इंजिनाशी जुळलेली दिसली तर मॅग्नेट कॉइल (इंजिनातली वीज तयार करणारी कॉइल) गेली. ज्या गाड्यांत जनरेटरच सेल्फचं काम करतो, तिथे ही चाचणी करू नका. व्होल्ट 15 च्या वर जात असतील तर आरआर युनिट लगेच बदला, नाहीतर बॅटरी उकळेल आणि बल्ब जातील.

जुन्या कार्बोरेटरच्या कितीतरी गाड्या बॅटरी मेलेली असूनही किकवर सुरू व्हायच्या, कारण ठिणगी थेट मॅग्नेटकडून यायची. 1 एप्रिल 2020 पासूनच्या बीएस-6 (प्रदूषणाच्या नव्या नियमाच्या) गाड्या बहुतेक फ्युएल इंजेक्शनच्या आहेत. पेट्रोल पंप आणि ईसीयू (इंजिन चालवणारा छोटा कॉम्प्युटर) जागे व्हायला बॅटरी लागतेच, त्यामुळे चावी ऑन केल्यावर पंपाचा "झूं" आवाज येत नसेल तर धक्का मारून दमू नका. आणि चालू इंजिनावर बॅटरीचं टर्मिनल काढून "चार्जिंग आहे का" बघायची पद्धत तर आता पूर्ण सोडा, त्या उसळीने ईसीयू जळू शकतो.

चार्जिंग बरोबर असूनही उभ्या गाडीची बॅटरी उतरत असेल, तर चावी बंद ठेवून निगेटिव्ह सोडवा आणि मीटर 10 अँपिअरच्या भोकात लावून निगेटिव्ह खांब आणि सोडवलेली लग यांच्या मध्ये जोडा. आकडा छोटा असेल तर मिलिअँपिअरवर या, पण त्या वेळी चावी ऑन करू नका, मीटरचा फ्यूज उडेल. काही मिलिअँपिअर ठीक आहेत. 50 दिसले तर 4 एएचची भरलेली बॅटरीसुद्धा 80 तासांत रिकामी होते. अलार्म, ट्रॅकर, मोबाईल चार्जर एकेक काढा आणि आकडा कधी पडतो ते पाहा.